नाळेतली शीर पायाच्या बायपासला चालेल का, आणि ती आर्टरीचं प्रेशर किती वर्षं सोसते

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६६ वर्षांचे, शुगर आहे, उजव्या पायाला मांडीपासून गुडघ्याच्या खालपर्यंत बायपास सांगितलाय, डाव्या पायातली शीर आधीच हार्टच्या बायपासला वापरून झालीय आणि उजवीकडची बारीक आहे म्हणून प्लास्टिकची नळी टाकावी लागेल असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही कुठेतरी वाचलंत की बाळाच्या नाळेतली शीर ग्राफ्ट म्हणून, म्हणजे बंद आर्टरीला वळसा घालणारी बदली नळी म्हणून वापरतात, बहिणीची डिलिव्हरी पुढच्या महिन्यात आहे, तर ती नाळ जपून ठेवली तर बाबांच्या कामी येईल का, आणि एवढीशी मऊ शीर आर्टरीचं प्रेशर सहन करते का. शिवाय लिहिलंय की मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, आकड्यांत सांगा.

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो कारण ऑपरेशन तोंडावर आहे. नाही. बहिणीची नाळ घरी किंवा कुठल्या बँकेत ठेवून ती वडिलांच्या पायात बसवता येणार नाही, त्याची कारणं खाली सांगतो. पण तुम्ही वाचलंत ते खोटं नाहीये, नाळेतल्या शिरेचे ग्राफ्ट खरोखर माणसांच्या पायात बसवले गेलेत आणि त्यातले कित्येक वर्षानुवर्षं चाललेत.

मी सर्जन नाही हे आधीच सांगतो. मी टिश्यूचं मेकॅनिकल टेस्टिंग करतो, गेली सतरा-अठरा वर्षं, आणि त्यात नाळेतल्या शिरा भरपूर हाताखालून गेल्यात. त्यामुळे कुठली नळी घालायची हा निर्णय तुमच्या व्हॅस्क्युलर सर्जनचाच, मी फक्त त्या भिंतीबद्दल बोलू शकतो, ती कशी ताणली जाते, कधी थकते वगैरे.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारलंय "प्रेशर सहन करते का". आपल्यासारखा माणूस नळी बघितली की पहिल्यांदा हेच विचारतो, मी पण सुरुवातीची दोन वर्षं हेच मोजत बसलो होतो, किती प्रेशरला फुटते. नंतर कळलं की फुटणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. बघा, बीपीचे १२०-८० हे आकडे असतात ते मिमी पाऱ्यात. नाळेतल्या शिरेच्या पेशी धुवून काढून जी नुसती भिंत उरते ती पाऊण मिमी जाडीची घेतली तर साधारण हजार मिमी पाऱ्याच्या आसपास फुटते. म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी आठच्या घरात. पायातली सॅफिनस शीर, जी आजही बायपासची पहिली पसंती आहे, २००९ साली एका अभ्यासात सरासरी १६०० च्या आसपास फुटली होती आणि छातीतली मॅमरी आर्टरी ३२०० च्या आसपास. नाळेची शीर या दोघींपेक्षा कमजोर आहे हे खरं, पण कुणाचंही बीपी हजाराला जात नाही, त्यामुळे ऑपरेशन टेबलवर ती फुटेल अशी भीती बाळगायचं कारण नाही.

मग अडतं कुठे? हृदय मिनिटाला ७० ठोके धरा, दिवसाला एक लाख, वर्षाला साडेतीन कोटींच्या वर, पाच वर्षांत अठरा कोटी. प्रत्येक ठोक्याला ती भिंत थोडी फुगते आणि परत आत येते. प्रश्न आहे की ही अठरा कोटी वेळा फुगणारी भिंत पाचव्या वर्षी पहिल्या वर्षासारखी परत आत येते का, आणि ती शेजारच्या मूळ आर्टरीइतकीच फुगते का. तुमच्या भाषेत सांगायचं तर बर्स्ट नाही, फटीग आणि कंप्लायन्स.

हे समजायला ती शीर आधी डोळ्यासमोर आणा. नाळ आमच्याकडे येते ती बर्फाच्या पेटीतून, झाकणाच्या डब्यात सलाईनमध्ये बुडवलेली. हातात घेतली की सगळ्यात आधी जाणवतं ते तिचं निसरडेपण, ग्लोव्हजमधून सटकते, म्हणून आम्ही ती ओल्या गॉजमध्ये धरतो. रंग पांढुरका, निळसर झाक, करंगळीएवढी किंवा थोडी जास्त जाड, आणि दोरीला पीळ असावा तशी पिळलेली. पूर्ण नाळ ५०-६० सेंटिमीटर भरते पण आमच्या वाट्याला बहुतेक वेळा तुकडाच येतो. कापलेल्या टोकाकडे बघितलं की तीन तोंडं दिसतात. दोन बारीक, आवळून घट्ट झालेली, बोटाला टोचतील अशी, त्या आर्टरी. आणि एक मोठं, सैल पडलेलं, ती व्हेन. तिच्यातून वारेकडून बाळाकडे ऑक्सिजनवालं रक्त जातं, म्हणजे नावाने व्हेन पण काम शुद्ध रक्त न्यायचं. या तिन्हींच्या भोवती व्हार्टन जेली असते, चायनाग्रासच्या वडीसारखी दिसते पण ओढायला गेलं तर चिवट, सहजी तुटत नाही.

ग्राफ्ट म्हणून हिच्यात तीन गोष्टी फार चांगल्या आहेत. एक, हिला फांद्या नाहीत. पायातली शीर काढताना सर्जनला बाजूच्या एकेक फांदीला टाका किंवा क्लिप मारत बसावं लागतं, इथे सरळ नळी मिळते. दोन, हिच्यात व्हॉल्व्ह नाहीत. पायातल्या शिरेत व्हॉल्व्ह असतात म्हणूनच ती उलटी करून लावायची पद्धत पडली, १९४८ ला पॅरिसमध्ये जाँ कुनलँने पायाचा बायपास तसाच केला होता. तीन, आतली पोकळी साधारण ४ ते ६ मिमी, म्हणजे नेमकी तीच साइज जिथे प्लास्टिकच्या नळ्या त्रास देतात. मोठ्या व्यासाला, पोटातल्या महाधमनीला वगैरे, डेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरची नळी, मस्त चालतं, ६ मिमीच्या खाली आलात की गुठळी व्हायला लागते.

पण एक गोष्ट हिच्यात नाही. नेहमीच्या रक्तवाहिनीला बाहेरून एक दणकट कोलॅजनचं आवरण असतं, ॲडव्हेंटिशिया म्हणतात त्याला, जास्त ताणाला तेच धरून ठेवतं. नाळेतल्या शिरेला ते आवरण नाही, ते काम जेली करते. आणि आयुष्यभर, म्हणजे नऊ महिने, तिने आर्टरीच्या मानाने खूपच कमी प्रेशर बघितलेलं असतं. म्हणजे नऊ महिन्यांच्या, कमी प्रेशरच्या कामासाठी बनलेली नळी आपण काढतो आणि तिला म्हणतो आता १२० वर दहा वर्षं काढ.

आता मोजमाप. आम्ही शिरेचा अंगठीसारखा साधारण ५ मिमी रुंद तुकडा कापतो, दोन पिनांवर चढवतो आणि हळूहळू ओढतो. जो ग्राफ निघतो तो स्टीलसारखा सरळ रेषेत चढत नाही, आधी बराच वेळ आडवा पडून राहतो आणि मग अचानक उभा चढतो. पायजम्याच्या नेफ्यात इलॅस्टिक आणि नाडी दोन्ही ओवलीत असं समजा, नाडी सैल सोडलीय. सुरुवातीला फक्त इलॅस्टिक ताणलं जातं, थोडं ओढलं तरी बरंच लांब जातं. एका जागी नाडी ताठ होते आणि तिथून पुढे कितीही ओढा, जात नाही. इलॅस्टिक म्हणजे इलॅस्टिन, नाडी म्हणजे कोलॅजन, जे आरामात असताना नागमोडी पडलेलं असतं. चांगली आर्टरी रोजचं काम या वळणाच्या आसपास करते, खाली इलॅस्टिनचा मऊपणा आहे आणि वर कोलॅजनची हमी आहे. म्हणूनच "नाळेच्या शिरेचा यंग्ज मॉड्युलस किती", म्हणजे ताणाला ती किती कडक, असं विचारून कुणी एक आकडा मागितला तर मी देत नाही, कुठल्या ताणाला विचारताय ते आधी सांगा म्हणतो.

अजून एक, पहिल्या ओढीला येणारा ग्राफ आम्ही धरत नाही. नवी कोल्हापुरी पहिले चार दिवस वेगळी असते आणि मग पायाला बसते, तसं टिश्यूचं आहे, पाच-दहा वेळा ओढून-सोडून घेतलं की ग्राफ स्थिर होतो, मग मोजायचं.

आता कंप्लायन्सकडे येतो, माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा हा गाभा आहे. १०० मिमी पारा प्रेशर वाढलं तर व्यास किती टक्के वाढतो, एवढंच ते. १९८० साली वॉल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे अजून सगळे वापरतात: मूळ आर्टरी ५.९, सॅफिनस शीर ४.४, नाळेची शीर ३.७, गाईची प्रोसेस केलेली आर्टरी २.६, डेक्रॉन १.९ आणि पीटीएफई, म्हणजे आपण ज्याला गोरटेक्स म्हणतो ते, १.६. ही रांग नीट बघा. ग्राफ्ट किती टिकतात याची रांगसुद्धा साधारण याच क्रमाने लागते आणि त्यांच्या पेपरचा मुद्दा तोच होता.

का, तर तुम्ही रबरी होज आणि पीव्हीसी पाइपचा जोड डोळ्यासमोर आणा. प्रेशरची लाट होजमधून येते, होज फुगतो, पाइप फुगत नाही, जोडावर काही लाट परत फिरते आणि नेमक्या शिवणीच्या आसपास भिंतीवर विचित्र ताण पडतो. निर्जीव पाइपला त्याचं काही नाही, फार तर जोड गळेल. जिवंत आर्टरी मात्र तो ताण ओळखते आणि आतून अस्तर जाड करायला लागते. खालच्या जोडावर, म्हणजे पावलाच्या बाजूला, हे जास्त होतं. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं, अस्तर वाढत जातं, तोंड अरुंद होतं, प्रवाह मंदावतो आणि मग एक दिवस गुठळी. घरचे म्हणतात नळी बंद पडली, प्रत्यक्षात नळी ठीक असते, जोड बंद पडलेला असतो. कंप्लायन्स हे त्याचं एकमेव कारण नाही, टाके, जोडाचा कोन, प्रवाहाचा वेग, शुगर, सिगरेट सगळं त्यात येतं, पण आमच्या हातात जे असतं ते हे.

म्हणजे ३.७ वाली नाळेची शीर १.६ वाल्या प्लास्टिकपेक्षा चांगली ठरायला हवी ना? ठरली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत हर्बर्ट आणि आयर्व्हिंग या डार्डिक बंधूंनी ही शीर ग्लुटराल्डिहाइडमध्ये पक्की करून माणसांत वापरायला सुरुवात केली. चामडं कमावतात ना, अगदी तीच गोष्ट, कोलॅजनच्या साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधल्या जातात, मग शरीराची एन्झाइम्स ती सहजी खाऊ शकत नाहीत आणि परक्याची म्हणून होणारी रिॲक्शनही कमी होते. ॲडव्हेंटिशिया नाही ही उणीव त्यांनी बाहेरून पॉलिएस्टरची जाळी चढवून भरून काढली. मला हे डिझाइन आजही फार आवडतं, निसर्गाने जो थर दिला नव्हता तो ओळखून नेमका तोच बाहेरून दिला.

पुढे अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटल्समध्ये तिन्ही ग्राफ्टची समोरासमोर तुलना झाली, ७५२ पेशंट, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून दिलेले, सगळे गुडघ्याच्या वरचे बायपास, निकाल २००० साली आला. पाच वर्षांनी किती ग्राफ्ट चालू होते? स्वतःची सॅफिनस ७३ टक्के, नाळेची शीर ५३, पीटीएफई ३९. सुरुवातीच्या दिवसांत गुठळी मात्र नाळेच्या शिरेत जास्त झाली. आता हे तुमच्या वडिलांना जसंच्या तसं लावू नका, त्यांचा जोड गुडघ्याच्या खाली आहे आणि तिथे गणित वेगळं असतं, सगळ्यांचेच आकडे खाली येतात.

मग हा ग्राफ्ट सगळीकडे का वापरत नाहीत? एक तर हाताळायला अवघड, थेट क्लॅम्प लावला तर आतलं अस्तर तडकू शकतं, टाका जाळी आणि शीर दोन्हींतून नीट गेलाच पाहिजे, बसवण्याआधी बराच वेळ धुवावं लागतं. पण मोठं कारण वेगळं होतं. पाच-सहा वर्षांनंतर तपासलेल्या ग्राफ्ट्समध्ये बऱ्याच जागी भिंत फुगत चाललेली दिसायला लागली, काहींत सरळ ॲन्युरिझम, म्हणजे फुगा.

इथे तुमचं मेकॅनिकल कामाला येतं. पातळ भिंतीच्या सिलिंडरचा हूप स्ट्रेस, म्हणजे भिंतीत गोलाकार पडणारा ताण, हा प्रेशर गुणिले त्रिज्या भागिले जाडी. १२० मिमी पारा म्हणजे १६ किलोपास्कल. त्रिज्या ३ मिमी, जाडी ०.७५ मिमी, म्हणजे स्ट्रेस ६४ किलोपास्कल. आता समजा काही वर्षांत भिंत थोडी सैल पडली आणि त्रिज्या ४ मिमी झाली. माल तेवढाच आहे, त्यामुळे फुगताना भिंत पातळ होणार, ०.७५ ची ०.५६ होते. परत गणित करा, ११४ येतात. त्रिज्या फक्त ३ वरून ४ झाली आणि स्ट्रेस पावणेदोन पट, बीपी तेवढंच. वाढलेल्या स्ट्रेसने ती अजून फुगणार, अजून पातळ होणार. थांबवणारं काही नसेल तर हे चक्र आपोआप थांबत नाही, जाळी थांबवते पण जाळीची पकडही काळाने सैल होऊ शकते.

स्वतःच्या शिरेत असं का होत नाही, तर ती जिवंत असते. पायातली शीर आर्टरीच्या जागी लावली की पहिल्या काही आठवड्यांतच तिच्यातल्या पेशींना कळतं की प्रेशर वाढलंय आणि त्या भिंत जाड करायला लागतात. सूत्रात खाली जाडी आहे बघा, जाडी वाढली की स्ट्रेस खाली येतो. म्हणजे जिवंत भिंत रोज स्वतःची डागडुजी करते, कमावलेली भिंत कितीही पक्की असली तरी फक्त झिजतच जाते, तिच्यात दुरुस्तीला कुणी राहतच नाही. इतकी वर्षं हे काम करून माझं मत हे झालंय की नाळेच्या शिरेची अडचण ताकदीची नव्हतीच, आपण तिच्यातला जीव काढून घेतला आणि मग तिच्याकडून जिवंत माणसाच्या वर्षांची अपेक्षा केली.

म्हणूनच नंतरच्या लोकांनी वाट बदलली. कमावायचं नाही, फक्त पेशी धुवून काढायच्या, कोलॅजनची चौकट तशीच ठेवायची, आणि पेशंटच्या पेशींनी त्यात येऊन राहावं अशी आशा धरायची. यात पीटर मॅकफेट्रिज या संशोधकाच्या ग्रुपने जे केलं ते तुम्हाला नक्की आवडेल. नाळेतून शीर हाताने सोलून काढली तर जाडी कुठे अर्धा मिमी, कुठे एक मिमी, अशी भिंत टेस्टला पण नको आणि पेशंटला पण नको, कारण पातळ जागीच ती फुगणार. त्यांनी काय केलं, नाळेच्या शिरेत स्टीलचा रॉड घातला, उणे ८० डिग्रीला गोठवून कडक केली आणि सरळ लेथवर चढवून बाहेरचा माल उतरवला, हवी तेवढी जाडी ठेवून. २००५ साली त्यांनी हे छापलं. आर्टरी, जादाची जेली सगळं निघून एकसारखी नळी हातात येते. मी पहिल्यांदा असा तुकडा कापून मायक्रोमीटर लावला तेव्हा चारही बाजूंना जवळपास एकच आकडा आला, त्या आधी सात वर्षं मी हाताने सोललेल्या भिंतीची सरासरी काढत होतो.

अर्थात पेशी धुण्यासाठी जे डिटर्जंट वापरतात त्याचंही भान लागतं, जास्त वेळ ठेवलं तर जेलीतले पाणी धरून ठेवणारे घटक निघून जातात, भिंत बसते, ग्राफचा सुरुवातीचा आडवा भाग आखूड होतो. आणि बाहेरच्या पेशी एवढ्या दाट भिंतीत आतपर्यंत शिरायला फार वेळ घेतात, तेवढ्या काळात भिंतीने दम धरायला हवा. ही शर्यत अजून पूर्ण जिंकलेली नाही.

कशावर काय अवलंबून आहे तेही सांगतो, कारण नेटवर आकडे बघून लोक भांडतात. एकाच नाळेचं वारेकडचं टोक आणि बाळाकडचं टोक सारखं वागत नाही. आईला बीपीचा किंवा शुगरचा त्रास असेल तर भिंत वेगळी असू शकते. नाळ किती तासांनी आली, गोठवली का, कशी वितळवली, सगळ्याचा फरक पडतो. पीळ असतो म्हणून प्रेशर दिलं की नळी सरळ व्हायला बघते आणि गोल फिरते, दोन्ही टोकं घट्ट धरलीत तर त्यात पिळाचा ताण मिसळतो आणि वाचन चुकतं. आमच्याच लॅबमध्ये एकदा तीन आठवड्यांचं सगळं काम टाकून द्यावं लागलं, नव्या नमुन्यांचा कडकपणा जुन्यापेक्षा बराच जास्त येत होता, आम्ही मशीन, लोडसेल सगळं तपासलं, शेवटी लक्षात आलं की बसण्याची जागा बदलली होती आणि एसीचा झोत सरळ त्या अंगठ्यांवर येत होता, पिनांवर चढवून सेटिंग करेपर्यंतच्या चार-पाच मिनिटांत त्या वरून सुकत होत्या. बोटाला कळत नव्हतं पण ग्राफला कळत होतं. तेव्हापासून पिना सलाईनच्या बाथमध्ये बुडवूनच ओढतो. म्हणून कुणी मला आकडा दाखवला की मी आधी विचारतो, ओला होता का.

इथवरचं एका दमात: न फुटण्याइतकी ती मजबूत आहे, फुगण्यात ती प्लास्टिकपेक्षा आर्टरीच्या जवळची आहे, गुडघ्याच्या वर ती प्लास्टिकपेक्षा जास्त टिकलेली दिसली आहे, पण कमावलेली भिंत वर्षांनुवर्षं सैल पडत जाते, आणि स्वतःच्या जिवंत शिरेची बरोबरी ती करत नाही.

आता बहिणीच्या नाळेचं. डिलिव्हरीनंतर नाळ आणि वार हॉस्पिटलच्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून जैविक कचऱ्यात जाते, किंवा काही घरांत अजून वार मागून घेऊन पुरतात. संशोधनाला हवी असेल तर आईची लेखी संमती लागते, एचआयव्ही, कावीळ बी-सी, सिफिलिस यांच्या टेस्ट लागतात, आणि मग ती प्रोसेस करायला परवाना असलेली जागा लागते. कच्ची नाळ तशीच काढून कुणी कुणाच्या पायात घालत नाही आणि घालूही नये. ज्या कॉर्ड बँकांच्या जाहिराती येतात त्या नाळेतलं रक्त ठेवतात, कुणी टिश्यू ठेवतं तेही पेशींसाठी, शीर ग्राफ्ट म्हणून वापरता येईल अशी अख्खी राखून ठेवणं हा त्यांचा उद्देशच नाही. त्यामुळे "आजोबांच्या पायासाठी" म्हणून कुणी पॅकेज विकायला आलं तर घेऊ नका. आणि नातं जवळचं आहे म्हणून ती शीर जास्त मानवेल असंही नाही, कारण वापरण्याआधी तिच्यातल्या पेशी मारलेल्या किंवा काढलेल्याच असतात, मग ती नातवाची असो की अनोळखी बाळाची. बहिणीला हे नीट समजावून सांगा, तिला मनातून वाटत असेल की आपल्याकडून बाबांसाठी काहीतरी व्हावं, आणि नंतर "मी ठेवली असती तर" असं तिच्या मनात राहायला नको.

प्रयोगशाळेत बनवलेल्या नळ्यांबद्दलही तुमच्या वाचनात येईल. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, तशी एक नळी मंजूर केली, माणसाच्या स्नायूपेशी जाळीवर वाढवून भिंत तयार करायची आणि मग पेशी धुवून काढायच्या. ती नाळेची नाही, पण कल्पना सख्ख्या बहिणीसारखी आहे. मंजुरी हातापायाच्या आर्टरीला इजा झाली असेल आणि स्वतःची शीर वापरणं शक्य नसेल अशा केसेससाठी आहे, आणि तिच्यावरही नळी किंवा जोड फाटण्याचा ठळक इशारा छापलेला आहे. म्हणजे तिथेही परत भिंतीचाच प्रश्न. वडिलांसाठी आज ही वाट नाही.

आज जे करता येईल ते असं. सर्जनला विचारा की उजवी सॅफिनस बारीक आहे हे झोपवून बघितलंय की उभं करून किंवा पाय खाली सोडून, उबदार खोलीत, डुप्लेक्स मॅपिंग, म्हणजे सोनोग्राफीने शिरांची मापं, करून. शीर रिकामी असताना बारीक दिसते, भरली की तीच ३ मिमीच्या वर जाऊ शकते, आणि पूर्ण लांबी चांगली नसली तरी दोन चांगले तुकडे जोडूनही काम होतं. डाव्या पायातली वापरली म्हणता, ती पूर्ण घेतली होती की मांडीपर्यंतच, जुन्या ऑपरेशन नोटमध्ये असेल, ती नोट शोधून सर्जनला द्या. पोटरीच्या मागे लहान सॅफिनस असते तीही बघतात. आणि हाताच्या शिरा, अंगठ्याच्या बाजूने दंडापर्यंत जाणारी सेफॅलिक आणि आतल्या बाजूची बॅसिलिक, त्यांचंही मॅपिंग करून मागा, गुडघ्याच्या खालच्या बायपासला शक्य तिथे कुठलीही स्वतःची शीर मिळाली तर प्लास्टिकच्या आधी तिचा विचार होतो. हे सगळं बघून झाल्यावरही सर्जन प्लास्टिकच म्हणाले तर त्यांच्याकडे तसं म्हणायला कारण असेल, जखम, इन्फेक्शन, वेळ, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला ते इथून दिसत नाही.

एक काम मात्र आजच करा, मॅपिंग होईपर्यंत थांबू नका. वडील ॲडमिट असतील किंवा शुगरसाठी सारखं रक्त काढत असतील तर नर्सिंग स्टाफला सांगून ठेवा की सुई आणि सलाईन शक्यतो पंजाच्या पाठीवरच लावा, कोपरात आणि मनगटाच्या अंगठ्याकडच्या शिरेत नको. एकदा त्या शिरेला सूज येऊन ती आतून कडक झाली की तिची भिंत ग्राफ्टच्या कामाची राहत नाही, आणि वडिलांकडे उरलेल्या चांगल्या शिरा कदाचित तिथेच आहेत.